जुन्या गाडीला कागद द्या, पोरं ती कापायची थांबतील

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून त्यावरून रोलर फिरवायलेत असा फोटो आला होता. कारवाई बरोबर आहे, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही, आमच्या गल्लीत रात्री अकरा साडेअकराला फटाके वाजवत गाडी गेली की माझी आई झोपेतून दचकून उठून बसते आणि मग तिला तासतास डोळा लागत नाही. पण त्याच बातमीत खाली असं पण छापलं होतं की जुन्या गाड्या घेऊन मॉडिफाय करणाऱ्यांवर आता नजर ठेवणार. ते वाचलं आणि पत्र लिहायला बसलो. कारण जुनी गाडी अंगणात खोलून बसणारा माणूस मी पण आहे, कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी हेच करायलोय, आणि जुनी गाडी नीट करणं आणि जुनी गाडी कापणं, म्हणजे वेगळी दिसावी म्हणून तिचा मडगार्ड, चौकट उडवणं, ह्या दोन गोष्टी एकाच दाव्याला बांधल्या तर त्यात जो नीट करायलाय तो आधी मरतो. आणि दुसरं म्हणजे पोरं गाड्या का कापायलेत ह्याचं जे कारण मला दिसतंय ते अजून कुठं छापून आलेलं मी तरी बघितलं नाही. ते कारण म्हणजे आरसी बुक. कागद.

जरा मागून सांगतो.

आमची गाडी येझदी रोडकिंग. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, 1982 च्या पाडव्याला सोसायटीचं कर्ज काढून घेतली. अण्णा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते, निलंगा तालुक्यातली गावं त्यांच्याकडं असायची. गाय अडली, म्हैस फुगली, लाळ-खुरकूत आली की गावचा माणूस सायकलवर बोलवायला यायचा आणि अण्णा त्याची सायकल आमच्या भिंतीला लावून त्यालाच गाडीवर मागं बसवून न्यायचे. ही गाडी मैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. तिथं 1961 पासून जावा बनायची, 1973 पासून येझदी हे नाव लागलं आणि 1996 ला कारखाना बंद पडला. एकच सिलिंडर, 250 सीसीचं टू-स्ट्रोक, तरी सायलेन्सर दोन. आणि गिअरचीच दांडी आत दाबून उभी केली की तीच किक, नवीन माणसाला किक कुठं आहे हेच सापडायचं नाही. चिखलातून, पांदीतून, ओढ्यातून गेलेली गाडी आहे ती, शोसाठी घेतलेली नव्हती.

30 सप्टेंबर 1993 ला मी सातवीत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, सगळे थकून झोपलेले, पहाटे चारच्या जरा आधी जमीन हलली. उजाडायच्या आत अण्णांनी टाकी हलवून पेट्रोल किती आहे बघितलं, पेट्रोलात मिसळायचं ऑइल एका बाटलीत घेतलं, औषधाची पेटी कॅरिअरला सुतळीनं बांधली आणि किल्लारीकडं निघून गेले. चार दिवसांनी आले. माळवदाची घरं पडल्यावर जी माती उडते ती सगळी गाडीवर बसली होती, टाकीवर, दिव्यावर, चाकाच्या तारांवर, आणि अण्णांनी नेहमीसारखी बादलीभर पाणी ओतून गाडी धुतली नाही, फडकं घेऊन बसले आणि बराच वेळ पुसत राहिले. सास्तूर, नांदुर्गा, किल्लारी, तिथं काय बघितलं ते आम्हाला त्यांनी कधीच नीट सांगितलं नाही. पण तेव्हापासून त्या गाडीला आमच्या घरात कुणी नुसती गाडी म्हणून बघितलं नाही.

आणि तरी 2001 साली मी ती कापली. कॉलेजला होतो. बाकीच्या पोरांच्या गाड्या बघून मागचा मडगार्ड हॅकसॉ ब्लेडनं अर्धा उडवला, दोन्ही सायलेन्सरातल्या जाळ्या ओढून काढल्या, हँडल बदललं. अण्णा संध्याकाळी आले, त्यांनी गाडीकडं बघितलं, मग खाली पडलेल्या मडगार्डच्या तुकड्याकडं बघितलं. त्या तुकड्यावर पेंटरकडून त्यांनी पांढऱ्या रंगात "पशुसंवर्धन" असं लिहून घेतलेलं होतं. मला वाटलं आता मार बसणार. ते एवढंच म्हणले, तुकडा टाकू नको, माळ्यावर ठेव. दुसऱ्या दिवसापासून ते एसटीनं जायला लागले. त्यामुळं आज जी पोरं गाड्या कापायलेत त्यांना मी वरून बोलायलो असं कुणी समजू नये, हे ब्लेड माझ्या हातात होतं.

2007 ला आरसीची मुदत संपली, गाडी गोठ्यात गेली. 2014 ला अण्णा गेले. 2017 च्या दिवाळीत मी ती बाहेर काढली तेव्हा डाव्या सायलेन्सरात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं, टाकीत गंजाचा चुरा, सीटचा काथ्या उंदरानं नेलेला आणि पिस्टन जाम. घरी काम करणाऱ्या लोकांसाठी इथं थोडं सविस्तर लिहितो, कारण हे शिकवायला आता माणसं राहिली नाहीत. जाम पिस्टनला हातोडा लावायचा नाही आणि जोरात किक पण मारायची नाही. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतायचं आणि आठ दिवस गाडीला हात लावायचा नाही, मग चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं हळूहळू पुढंमागं करायचं. आमची अकराव्या दिवशी सुटली. टाकीत बारीक खडी आणि सोड्याचं पाणी घालून तोंड बांधून हलवली, मी थकलो की पुतण्या, पुतण्या थकला की मी, तीन रविवार गेले. नंतर गंज काढायचं केमिकल वापरलं, ते हातमोजे आणि चष्मा लावूनच, आणि उघड्यावर. ब्रेकचे जुने लायनर असतील तर ती धूळ फुंकर मारून उडवू नका, त्या काळच्या लायनरात ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानं पुसा. एवढं काळजीनं सांगायलोय कारण आपल्याकडं सगळे फुंकर मारूनच साफ करतात.

इंजिनाचं काम लातूरच्या एका चाचांकडं केलं. त्यांचं वय सत्तरीच्या वर, नजर कमी झालेली पण बोट फिरवून बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, किती झिजलाय सांगतात. ह्या इंजिनाचा मूळ बोअर 65 मिलिमीटर, आमचा दोनदा बोअर झालेला निघाला, तिसऱ्या साईजचा पिस्टन हैदराबादहून मागवला. पुण्याच्या जुन्या बाजारात, तो बुधवारी आणि रविवारी भरतो, दिव्याची रिंग आणि टाकीचं झाकण मिळालं. क्रँकचे ऑइल सील बदलले, हे टू-स्ट्रोकवाल्यांनी लई लक्षात ठेवावं, एका बाजूचं सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि पांढरा धूर काढत प्लग ओला होतो, आणि दुसऱ्या, म्हणजे मॅग्नेटच्या बाजूचं गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि गाडी तापून जाम होते. लोक कार्बोरेटर खोलून खोलून थकतात आणि रोग असतो सीलमध्ये. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट 0.4 मिलिमीटर, ती डोळ्याच्या अंदाजानं नाही, फिलर गेजनं बघायची. चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला. सगळं मिळून मला 38 हजार आणि सव्वा वर्ष लागलं.

मडगार्ड तेवढा राहिला होता. चाचांना म्हणलं नवीन मडगार्ड मिळतो का बघू. मग आईनं आठवण करून दिली, आणि माळ्यावर बघितलं तर पोत्यात गुंडाळलेला तो तुकडा अण्णांनी ऑइल लावून ठेवलेला. एवढ्या वर्षात त्याला गंज नव्हता. चाचांनी तो उलटा सुलटा करून बघितला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणले, "काटने से पहले पूछना था ना बेटा." गॅस वेल्डिंगनं जोडला, सांधा घासला, आणि त्या अक्षरांना मी रंग लावू दिला नाही. आज पण सांधा जवळून बघितला तर दिसतो, अक्षरातला "व" जरा वर सरकलाय.

सायलेन्सरबद्दल पण चाचांनीच डोळे उघडले, ते पोरांसाठी लिहितो. टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे वॉल्व्ह नसतात. पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत येतं तेव्हा धूर बाहेर जायचं दार पण उघडंच असतं, मग ते ताजं मिश्रण तसंच बाहेर का जात नाही, तर सायलेन्सरातून दाबाची जी लाट परत येते ती त्याला आत ढकलते म्हणून. कंपनीनं सायलेन्सरची लांबी, आतला घेर, जाळी हे सगळं त्या हिशोबानं ठरवलेलं असतं. जाळी काढली की आवाज वाढतो आणि आवाज वाढला की पोराला वाटतं ताकद वाढली, पण खरं तर खालच्या आणि मधल्या स्पीडची ओढ जाते आणि पेट्रोल बाहेर फेकलं जातं. मी 2001 ते 2007 तशीच चालवली आणि ॲव्हरेज का पडलं म्हणून कार्बोरेटरला दोष देत बसलो. जाळीवर काजळी जमली तर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा, धुवा आणि परत बसवा. यामाहा आरएक्स 100 वाल्यांनी तर हे लई मनावर घ्यावं, 1985 ते 1996 एवढीच वर्षं ती गाडी बनली, 98 सीसीचं नाजूक इंजिन आहे, आणि आज मूळ सायलेन्सर असलेली आरएक्स आमच्या भागात शोधून सापडत नाही.

पेट्रोलचं पण एक आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल आमच्याच लातूर, धाराशिवच्या उसाचं, आमचा पण दोन एकर ऊस कारखान्याला जातो, त्यामुळं त्याला नावं ठेवायचा प्रश्न नाही. पण जुन्या गाडीचे रबरी पाइप, वॉशर, कार्बोरेटरची नरम सीलं ही त्या पेट्रोलसाठी बनलेली नव्हती, ती फुगतात नाहीतर कडक होऊन तडकतात. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी दोन महिने उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाला बसतं आणि आतून गंज चढतो. म्हणून पाइप इथेनॉलचे बसवा, गाडी उभी ठेवायची असेल तर नळी बंद करून कार्बोरेटरचं वाटीतलं पेट्रोल संपू द्या, आणि पेट्रोल-ऑइलचं मिश्रण एकदम पाच लिटरचं करून ठेवू नका, लागेल तसं करा. मी लिटरला 40 मिली ऑइल टाकतो.

आता कागदावर येतो, कारण हे सगळं पत्र त्याच्यासाठीच आहे.

गाडी 2019 च्या संक्रांतीला चालू झाली. चालू झाली म्हणजे अंगणात. रस्त्यावर काढायची तर आरसी जिवंत पाहिजे, आणि आमच्याकडं होतं अण्णांच्या नावाचं जुनं बुक, तीन इंग्रजी अक्षरांचा जुना नंबर, आणि पत्ता तालुका निलंगा जिल्हा उस्मानाबाद. कारण लातूर जिल्हा झाला 16 ऑगस्ट 1982 ला आणि गाडी त्याच्या आधीची. आता उस्मानाबादचं पण धाराशिव झालं. मी दोन कार्यालयं फिरलो, नावं लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती, पण ह्यांनी म्हणायचं जुनं रजिस्टर तिकडं असेल आणि त्यांनी म्हणायचं तुमचा तालुका आता इकडं नाही. ऑनलाइन नंबर टाकला की "रेकॉर्ड सापडत नाही". त्याला बॅकलॉग एन्ट्री म्हणतात, म्हणजे जुन्या रजिस्टरातली नोंद कॉम्प्युटरला चढवायची राहिलेली. ती चढल्याशिवाय नूतनीकरण नाही, वारसाच्या नावावर करायचं नाही, इन्शुरन्स नाही, पीयूसीची नोंद नाही, आणि 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना जी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावायला सांगितलीय ती पण बुक होत नाही. म्हणजे सरकार म्हणतं प्लेट लावा आणि सरकारचाच कॉम्प्युटर म्हणतो अशी गाडीच नाही.

मी एकेचाळीस वेळा रजा टाकली, डायरीत लिहून ठेवलंय. शपथपत्र, वारस प्रमाणपत्र, चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून काढलेली छाप, जुन्या इन्शुरन्सची पावती. शेवटी एका क्लार्क ताईंनी जुन्या बांधीव रजिस्टरातून ते पान काढून दिलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. 2022 ला गाडी माझ्या नावावर झाली आणि पाच वर्षांसाठी पास झाली. पीयूसीला पण बसली. 2000 सालाच्या आधीच्या टू-स्ट्रोकला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 4.5 टक्के आहे, सील आणि जाळी नीट असेल आणि ऑइल मापात असेल तर जुनी गाडी त्यात आरामात बसते.

ह्यात लोकांचे दोन गैरसमज आहेत ते पेपरनं दूर करावेत अशी विनंती आहे. खेड्यात सगळे म्हणतात 15 वर्षं झाली की गाडी बाद. असं नाही. पेट्रोल गाडी 15 वर्षाला बंद हा प्रकार दिल्ली परिसराचा आहे. आपल्याकडं 15 वर्षानंतर गाडी तपासून दर पाच वर्षाला नूतनीकरण होतं, पर्यावरण कर भरावा लागतो, बस. फी मात्र वाढत गेली, एप्रिल 2022 पासून दुचाकीची 300 ची 1000 झाली, 2025 ला 20 वर्षांवरच्या दुचाकीला 2000 केली, आणि मुदत उलटली की उशिराचे महिन्याला 300, म्हणजे वर्षाचे 3600. आता सांगा, ज्याची नोंदच कॉम्प्युटरवर नाही त्याच्या हातून उशीर झाला का त्याला उशीर करायला लावला?

दुसरा गैरसमज व्हिंटेजचा. लोक मला म्हणतात तुमची गाडी व्हिंटेज आहे, तुम्हाला सवलत असेल. केंद्र सरकारनं जुलै 2021 ला व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले ते चांगलेच आहेत, पण त्यात गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांच्या वरची पाहिजे, मूळ रूपात पाहिजे, नोंदणी फी 20 हजार, नंबरमध्ये व्हीए अक्षरं येतात, आणि मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. आमची येझदी 50 ची होणार 2032 ला. मराठवाड्यात गोठ्यागोठ्यात ज्या राजदूत, येझदी, बुलेट, आरएक्स, एम-80 पडल्यात त्यातल्या बहुतेक 15 च्या वर आणि 50 च्या आतल्या आहेत. शहरातल्या शौकिनाच्या चार गाड्यांसाठी नियम झाला, ज्या गाडीवरून दूध गेलं, मास्तर शाळेत गेले, डॉक्टर वस्तीवर गेला, तिच्यासाठी मधलं काहीच नाही.

आणि इथंच कापायचा विषय येतो. मी ज्या पोरांशी बोललो, आमच्याकडं पाना मागायला येतात ती, त्यांनी गाडी घेतली कुठून तर भंगारवाल्याकडून नाहीतर अशाच एखाद्या गोठ्यातून, पाच-सात हजाराला. कागद आहेत का? नाहीत. नावावर होणार आहे का? नाही. मग त्या पोराच्या लेखी ती गाडी कधी मूळ रूपात ठेवायची गोष्टच राहत नाही. कायद्यात सगळं आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या गोष्टीत फरक पडेल असा बदल करायचा नाही, जानेवारी 2019 ला सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एकेका बदलाला 5 हजार दंड नाहीतर सहा महिन्यापर्यंत कैद आहे. पण आरसीशी जुळत नाही म्हणून दंड करायला आधी आरसी तर पाहिजे. ज्याच्याकडं ती नाही तो चेसिस कापतो, मागची सीट उडवतो, बॉबर नाहीतर कॅफे रेसर, म्हणजे कापून बनवलेली शोची गाडी, करतो, पोलिसांनी धरलं की गाडी सोडून पळतो. त्याचं त्यात जातं काय? आणि ज्याच्या गाडीला त्याच्या बापाच्या नावाचा जिवंत कागद आहे तो पोरगा चेसिसला ब्लेड लावायच्या आधी दहा वेळा विचार करतो, कारण कापली की पासिंग जाणार हे त्याला माहीत असतं. हे मी आमच्याच गल्लीत दोन पोरांच्या बाबतीत बघितलंय. एकाला बुक सापडलं, तो आता राजदूतची तीच जुनी टाकी घासत बसलाय. दुसऱ्याला नाही सापडलं, त्यानं मागची चौकट कापली.

सगळंच बदलू नका असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः आतून वायरिंग नवीन केलं, मागं चांगला लाल दिवा लावला, कारण आता रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आहेत आणि अंधारात दिसलं पाहिजे. जे काढून परत मूळचं बसवता येतं ते करावं. चेसिस, इंजिनाचा नंबर, सायलेन्सर, ब्रेक ह्यांना हात नाही. आणि रंग देताना चेसिस नंबरवर पुट्टी भरू देऊ नका, पेंटर चांगल्या मनानं गुळगुळीत करून देतो आणि मग पेन्सिलची छाप कोरी येते, आमच्या ओळखीच्या एकाचं काम त्यावरच अडलंय.

मराठवाड्याला हे जमणार नाही असं म्हणू नका. वाळूजला 1985 पासून मोटरसायकलींचा कारखाना आहे, आमच्याकडं गावोगाव लेथवाला आहे, बोअरिंगवाला आहे, हातानं लाईन मारणारा पेंटर अजून एखादा आहे. चाचांसारखी माणसं आहेत तोपर्यंत पोरांना त्यांच्या हाताखाली बसता आलं पाहिजे, आणि गाडीला कागद असेल तर पोरगा उजेडात बसून शिकतो, नसेल तर रात्री पत्र्याच्या शेडात कापतो.

म्हणून मागणी एकच आहे. तालुक्याला महिन्यातून लायसन्सचा जसा कॅम्प होतो तसाच वर्षातून दोनदा बॅकलॉग नोंदीचा कॅम्प घ्या. जुनी रजिस्टरं त्या दिवशी तिथं आणा. ज्यांचे जिल्हे बदलले, नावं बदलली, त्यांची गाडी कुठल्या कार्यालयानं घ्यायची हे एकदा लेखी ठरवा. मालक वारला असेल तर वारसाचा फॉर्म 31 तिथंच भरून घ्या, आणि नोंद सरकारकडून राहिली असेल तर त्या काळाची उशिराची फी लावू नका. गाडी तपासा, कडक तपासा, सायलेन्सर मूळचा नसेल तर पास करू नका. माझी गाडी पण परत तपासा, मी घेऊन येतो.

आमच्या शेजारी एक काकू राहतात. त्यांचे मालक दूध घालायचे, त्यांची राजदूत लिंबाखाली पाच वर्षं उभी आहे, 173 सीसीची, पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सनं 1962 पासून बनवली ती. चाकं जमिनीत रुतलीत पण मी मागच्या महिन्यात किक दाबून बघितली, इंजिन मोकळं आहे. बुक काकूंच्या ट्रंकेत आहे, लग्नाच्या शालूखाली, मुदत कधीच संपलेली आणि नंबर ऑनलाइन दिसत नाही. भंगारवाला तीन हजार म्हणायलाय, दर बाजारच्या दिवशी येऊन विचारतो. काकू मला म्हणल्या, तुम्ही पेपरात लिहिता तर तेवढं विचारा, ह्यांचं नाव निघून पोराचं लागंल का. मी त्यांना दिवाळीपर्यंत थांबा म्हणलोय.

आपला नम्र,
एक वाचक
ता. निलंगा, जि. लातूर